तुम्ही कोणाच्या फोनची वाट पाहत आहात का?

तोयामा, ९ ऑक्टोबर

दादा,

मी चिसातो. तुझी बहीण. अकरा वर्षांनी लिहिते आहे म्हणून ओळख दिली, नाहीतर विमा कंपनीचं पत्र समजून फेकून देशील. तुझा पत्ता आईच्या डब्यातून चोरला. दर नववर्षाला तू जे एक कार्ड पाठवतोस, ज्यावर फोन नंबर नसतो आणि 'ठीक आहे' याच्यापलीकडे शब्द नसतो, ती सगळी तिने तांदळाच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहेत. बिस्किटं तू गेलास त्या वर्षीच संपली. डबा अजून मानाच्या जागी आहे.

माझं तुझ्याशी भांडण मिटलेलं नाही. बाबा गेले तेव्हा आईने तार केली आणि तू आला नाहीस, हे मी विसरलेले नाही. पण आज मला इतका राग आलाय की तो कोणावर तरी काढायलाच हवा. तू लांब कुशिरोला आहेस, उलट उत्तर देत नाहीस, म्हणजे अगदी सोयीचा आहेस.

तर ऐक. मी इथल्या विद्यापीठात मानसशास्त्राची संशोधक आहे. वर्षावर्षाच्या कराराने. माझा विषय आहे ते चोरटे फोन. तुमच्याकडेही पोलीस पत्रकं वाटत असतील. एखाद्या म्हातारीला फोन येतो, "आई, मी बोलतोय." नाव सांगत नाहीत. आईच बिचारी विचारते, "कोण, अमुक का?" की तो म्हणतो, "हो, तोच." आवाज सर्दीने बसलाय, जुना फोन पाण्यात पडला, नंबर बदललाय. मग हळूच अडचण सांगायची आणि पैसे काढायचे. मला शोधायचंय की आई नेमकी कुठल्या शब्दावर भुलते. ते कळलं तर पुढच्या शंभर आयांना सावध करता येईल. यात वाईट काही दिसतं का तुला?

माझी योजना अशी होती. शहरातल्या एकटं राहणाऱ्या साठ म्हाताऱ्यांना आमचा माणूस फोन करणार. "आई, मी. शनिवारी घरी येतोय." पैशाचं नावही काढायचं नाही. एवढं बोलून ठेवून द्यायचा. साठही फोन होईपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही, कारण या बायका एकमेकींना सांगतात आणि सगळा प्रयोग बोंबलतो. दोन आठवड्यांनी प्रत्येकीला माफीचं आणि खुलाशाचं पत्र, सोबत टॉवेल भेट.

पण माणसांवर अभ्यास करायचा तर आधी विद्यापीठाच्या नीतिसमितीपुढे जावं लागतं. सात जण असतात. प्राध्यापक, डॉक्टर, वकील, आणि नियमच आहे की एक जण बाहेरचा हवा, ज्याचा विद्येशी संबंध नाही. आमच्याकडे त्या जागी हिबिनोबाई आहेत. बाजारात त्यांचं कामाबोकोचं दुकान आहे. काल बैठकीला आल्या त्यासुद्धा माशाच्या वड्यांचा वास घेऊनच. सहा जणांनी माना डोलावल्या. मी मनातल्या मनात चहा पीत होते. तेवढ्यात बाईंनी चष्मा लावला.

"एक विचारू का? पत्र दोन आठवड्यांनी जाणार. मग ते दोन आठवडे त्या बाईने काय करायचं?"

"काही नाही. तिचं नेहमीचं."

"नेहमीचं कसं? मुलगा शनिवारी येतो म्हणाला ना?"

"पण तो येणार नसतो हो."

"ते तुम्हाला माहीत. तिला कुठे माहीत? ती गादी उन्हात घालणार, मासा आणणार, शनिवारी दारात बसणार. ते तुमच्या कागदात कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, थोडी गैरसोय होईल, पण फायदा मोठा आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "आणि जिचा मुलगा खरंच फोन करत नाही, तिचं काय? तुमच्या साठांत तशी एकही नाही, हे कोणी पाहिलंय?"

कोणी पाहिलं नव्हतं. वकीलसाहेब खोकले, डॉक्टरांनी कागद उलटला आणि निकाल लागला: सुधारून पुन्हा आणा. मार्चमध्ये माझा करार संपतो, दादा. माशाच्या वड्या विकणारी बाई मला मानसशास्त्र शिकवते. नाकाला मिरच्या झोंबल्यात माझ्या.

उत्तर देऊ नकोस. तुला सवय नाही, उगाच त्रास होईल.

चिसातो

तोयामा, २६ ऑक्टोबर

दादा,

राग उतरलेला नाही, पण तुला अर्धवट सांगून सोडलं म्हणून पुन्हा लिहिते.

आई बरी आहे. चौऱ्याहत्तर झाली. गुडघे कुरकुरतात, जीभ नाही. फोन तसाच जिन्याखाली आहे, नंबरही तोच. मी कितीदा म्हटलं, हा बंद करून तुला हातातला घेऊन देते, तर म्हणते, "नंबर बदलला तर लोकांना कसा कळेल?" लोक म्हणजे कोण ते तू समज. फोनशेजारी पोलिसांचं पत्रक चिकटवलंय: घरच्यांनी आपसात एक खुणेचा प्रश्न ठरवून ठेवा. तिने ठरवलाय म्हणे. मला सांगत नाही. "तुझा आवाज मला कळतो," म्हणाली, "तुला कशाला हवा प्रश्न?"

बाबांच्या वेळचं एक सांगायचं राहिलं. ते गेले, तू आला नाहीस आणि पुढच्या नववर्षाला तुझं कार्डही आलं नाही. मी चिडून म्हटलं, बघ, तेवढंही तुटलं. आई म्हणाली, "वेडी आहेस. सुतकात कोणी नववर्षाचं कार्ड पाठवतं का? त्याला कळलंय. तो पाळतोय." आणि त्या दिवशी तिने दोन वाट्या भात खाल्ला. दादा, इतकी वर्षं मी माणसांच्या मनाचा अभ्यास करते, हे मला सुचलं नव्हतं.

समितीसाठी मी योजना थोडी सुधारली आहे. दोन आठवड्यांचे तीन दिवस केलेत. अजून काय हवं त्या बाईला! मधे वाटलं, घरच्या घरी एक लहानशी चाचणी घेऊन पाहावी, म्हणजे तीन दिवस पुरतात की नाही ते कळेल. पण लाइन लागली नाही, राहिलं.

थंडी वाढली आहे. कुशिरोत तर बर्फच पडत असेल. जाड मोजे घालत जा, तुझे पाय नेहमी गार असायचे.

चिसातो

तोयामा, ११ नोव्हेंबर

दादा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. लाइन लागली नाही असं काही नव्हतं.

ती चाचणी मी आईवर घेणार होते.

मला वाटलं, आपलीच आई, तिची कसली परवानगी? फोन करायला मी निशिदेंना ठरवलं होतं. ते बस स्थानकावर घोषणा करतात आणि हौसेने नाटकात कामं करतात. वय चव्वेचाळीस, तुझंच. वाक्यं मी लिहून दिली. "आई, मी. जेवलीस का?" तू 'जेवलीस'च्या आधी एवढंसं थांबायचास, ते थांबणंसुद्धा कंसात लिहिलं होतं. दोनदा तालीम घेतली. दुसऱ्या वेळी माझ्याच अंगावर काटा आला आणि मी मूर्ख, खूश झाले की आवाज जमला.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी निशिदे विद्यापीठातल्या माझ्या खोलीत आले, फोन हातात घेतला, कागद उलटसुलट करून पाहिला.

"बाई, यावर परवानगीचा क्रमांक कुठाय?"

"ही घरगुती चाचणी आहे हो. माझी आई आहे ती."

"असेल. पण मागे एका अभ्यासात मी डॉक्टर झालो होतो, तेव्हा समितीने बजावलं होतं. क्रमांक नाही तर आवाज नाही."

"अहो, दोन मिनिटांचं काम! आईला नंतर मी सांगेन की मीच केलं ते. हसेल ती."

"मग आधीच सांगा की. हसायचंच आहे तर." आणि कोट घालून निघाले. जाता जाता वळून म्हणाले, "माझी आई असती तर हसली नसती."

मी कितीतरी दिवस फणफणले. मग ठरवलं की या सगळ्याचं मूळ हिबिनोबाई, तेव्हा सरळ त्यांनाच विचारावं की तुमचं समाधान होणार तरी कशाने. आज सकाळी त्यांच्या दुकानात गेले.

त्या लग्नाचा मासा रंगवत होत्या. तुला आठवतो ना, वड्यांच्याच लगद्याचा तो लालगुलाबी ताई मासा, लग्नात मिळाला की आई कापून शेजारीपाजारी वाटायची. मला पाहून म्हणाल्या, "या प्राध्यापकबाई. भांडायला आलात की खायला?"

"भांडायला."

"मग आधी खा. उपाशीपोटी भांडण रंगत नाही."

वडी तोंडात असताना भांडता येत नाही, हे त्यांना ठाऊक असावं. त्या बोलायला लागल्या. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एक बाई दुकानात आली. मुलगा शनिवारी येतोय म्हणून एक छोटा ताई मासा सांगून गेली, त्यावर मुलाचं नाव घालायचं होतं. "आणि वड्या कोंबूच्या, समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या द्या म्हणाली, लाल गुंडाळीच्या नकोत. लहानपणी लाल रंग जिभेला लागायचा, मुलं चिडवायची, घरी येऊन रडायचा." शनिवारी ती दुपारी येणार होती. आली संध्याकाळी, दुकान बंद करता करता. केसांवर बर्फ. मासा घेतला, म्हणाली, "त्याची गाडी चुकली," आणि गेली. सोमवारच्या वर्तमानपत्रात बातमी होती की फोनवाली टोळी शुक्रवारीच पकडली. म्हणजे पैसे मागणारा पुढचा फोन तिला आलाच नाही.

"सगळे म्हणाले, देवाची कृपा, कोणाचं काही गेलं नाही," हिबिनोबाई म्हणाल्या. "मी ते नाव मासा रंगवताना माझ्या हाताने घातलं होतं, प्राध्यापकबाई. तिचं काही गेलं नाही असं मला म्हणवत नाही."

दादा, तूही लाल वडीवरून असाच रडत घरी यायचास. लाल वडी पाहून रडणारा या शहरात दुसरा कोणी असेलही. पण मी त्यांना विचारलं नाही की माशावर नाव कोणतं होतं. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. बाबा म्हणायचे ना, औषधांची पेटी घेऊन आपण घरोघर जातो, एका घरातलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही. तशाच आहेत त्या. मी कोणाची मुलगी हे त्यांना ठाऊक होतं का, तेही मला कळलं नाही.

दुकानाबाहेर आले आणि सायकलचं कुलूप उघडेना. किल्ली उलटी घालत होते.

चिसातो

तोयामा, १३ नोव्हेंबर

दादा,

आईला विचारलं. सरळच विचारलं, कारण आडून विचारलं की ती आडूनच उत्तर देते. ती मुळा किसत होती.

"दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तुला दादाचा फोन आला होता का?"

किसणी थांबली नाही. "आला होता. त्याचा नव्हता."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? लोकांना आवाज ओळखू येत नाही, इथे तर नावही मीच पुरवलं. 'तेत्सुरो का?' म्हटलं मीच. तो म्हणाला, हो." मग मुळा ठेवला. "सर्दी झाली म्हणाला गं. मी त्याला आलं घालून पाणी प्यायला सांगितलं. चोराला."

आणि दादा, ती हसली. मग रडली, मग मुळा वाया जाईल म्हणून पुन्हा किसायला लागली. त्या शनिवारी तिने स्टेशनवर तीन गाड्या पाहिल्या. चौथी पाहिली नाही कारण मासा आणायचा राहिला होता. त्यानंतर तिने तो खुणेचा प्रश्न ठरवला.

मग मी माझं सांगितलं. निशिदे, तालीम, कंसातलं थांबणं, सगळं. म्हटलं, मी तुझ्याशी तेच करणार होते. वाटलं आता पळी फेकून मारते.

तिने किसणी खाली ठेवली. "पुन्हा तसं झालं असतं ना," म्हणाली, "तर फोनच काढून टाकला असता मी. वायरसकट. दोनदा नाही झेपत."

"सॉरी आई."

"आणि मग त्याने खरा फोन केला असता, तर तो कुठे वाजला असता?"

हे ऐकलं आणि मी जिन्याखाली जाऊन त्या जुन्या फोनवर हात ठेवला. आहे की नाही ते पाहायला, खुळ्यासारखी. होता. दादा, जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. एका वडीवाल्या बाईने चष्मा लावून एक प्रश्न विचारला, एका घोषणा करणाऱ्या माणसाने कोट घालून निघून जायचं ठरवलं, म्हणून आपल्या घरातला फोन जागेवर आहे. मी चांगली मुलगी आहे म्हणून नाही. मी करणारच होते. मला कोणीतरी अडवलं, आणि माझ्या मते मी तेव्हा उत्तम काम करत होते.

हे तुला लिहू का, असं मी आईला विचारलं. हल्ली विचारायची सवय लागली आहे. ती म्हणाली, "लिही. मासा फार चांगला झाला होता हेही लिही. तीन दिवस मी एकटीनेच खाल्ला."

चिसातो

तोयामा, १० डिसेंबर

दादा,

हुश्श. समितीने मंजुरी दिली, कागदावर क्रमांक आला. निशिदेंना दाखवला तर त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "आता बोला बाई, किती वेळा जेवलीस का विचारू?"

योजना आता वेगळी आहे. आधी म्हाताऱ्यांना सभागृहात बोलावून सांगायचं की महिन्याभरात कधीतरी तुम्हाला सरावाचा खोटा फोन येईल. तयार असाल तरच सही करा. कधीही नको म्हणा, कारण विचारणार नाही. फोन संपल्या संपल्या तिथेच खरं सांगायचं. मला वाटलं होतं, आधी सांगितलं तर काय राहिलं? गंमत अशी की सांगूनही बायका भुलतात. पहिल्या सरावात एक आजी निशिदेंना म्हणाल्या, "तू सरावाचा आहेस ते कळलं मला, पण जेव बाबा वेळेवर." यावरच एक निबंध होईल. समितीतले प्राध्यापकसाहेब म्हणाले, आधीच्या योजनेपेक्षा हे चांगलं निघालं. मार्चचं मार्चमध्ये बघू.

फॉर्मवरचा पहिला प्रश्न हिबिनोबाईंचा आहे. समितीत वकीलसाहेब म्हणत होते की 'दीर्घकाळ संपर्क नसलेले नातेवाईक' असं लिहावं. बाई म्हणाल्या, असलं वाचून कोणाला काय कळणार, मी सांगते तसं लिहा. तर ते असं आहे: तुम्ही कोणाच्या फोनची वाट पाहत आहात का? पुढे 'हो' आणि 'नाही'. 'हो' वर गोल केला की त्या बाईंना चहा द्यायचा, बाकी सराव सगळा शिकवायचा, पण खोटा फोन करायचा नाही. साठातल्या अकरा जणींनी 'हो' वर गोल केला, दादा. अकरा. माझ्या आधीच्या यादीत त्या अकराही होत्या. रोज मोजते आणि रोज सुटका झाल्यासारखं वाटतं.

एक फॉर्म घरी आणला होता. आईने चष्मा लावून वाचला, पेन मागितलं. मी म्हटलं, तुझा उपयोग नाही, संशोधकाच्या घरचे चालत नाहीत. "मग आणलास कशाला?" म्हणाली आणि 'हो' वर गोल करून मोकळी झाली. फॉर्म आता तुझ्या कार्डांच्या डब्यात आहे.

आता कामाचं. हे मी केव्हाच लिहायला हवं होतं, पण मलाही राग सोडवत नव्हता. तो सोडला. तू बाबांच्या वेळी का आला नाहीस ते मला कळलं नाही तरी चालेल. बाबांनी तुला 'उंबऱ्यात पाऊल ठेवू नकोस' म्हटलं होतं, ते तू त्यांच्या मागेही पाळलंस असं मला आता वाटतं. पण फोनला उंबरा नसतो.

नंबर तोच आहे. दुपारी तीननंतर कर, त्याआधी ती झोपते आणि झोपत नाही म्हणून सांगते. तू 'आई, मी' म्हटलंस की ती नाव पुरवणार नाही. प्रश्न विचारेल. चिडू नकोस. ती तुझ्यावर अविश्वास दाखवत नाही, तुझी जागा राखून ठेवते आहे. उत्तर मला माहीत नाही, मी मदत करू शकत नाही.

चिसातो

तोयामा, ४ जानेवारी

दादा,

परवा फोनवर तू जे ऐकलंस ते तुला माहीतच आहे. इकडचं तुला दिसलं नाही, ते सांगते.

आम्ही कुटलेल्या तांदळाची मोची भाजत होतो. फोन वाजला, तीन वाजून सहा मिनिटं. आईने हात पुसले, मला म्हणाली, "तू उचलू नकोस." उचलला. तू काहीतरी म्हणालास. ती पाठमोरी होती, मला फक्त तिचं मान हलवणं दिसत होतं. मग एकदम कडक आवाजात, पोलिसासारखं:

"बाबांच्या पेटीतून तू काय पळवायचास?"

मोची करपायला लागली, मी उठले नाही. मला वाटलं, औषधाच्या गोळ्या असतील. मला हे काहीच माहीत नव्हतं. तू इतका वेळ घेतलास की मी मनातल्या मनात तुला शिव्या घालत होते. मग ती फोनवर तळहात ठेवून माझ्याकडे वळली. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"कागदी फुगे म्हणतोय. गिऱ्हाइकांच्या मुलांना द्यायचे ते. आणि म्हणतोय, आई, तूच बाबांना सांगितलंस उंदरांनी खाल्ले म्हणून." मग मोठ्याने, जणू मी दुसऱ्या गावी असल्यासारखी: "चिसातो, हा तोच आहे!"

बाबांना आयुष्यभर वाटलं की आपल्या घरात उंदीर फार. दरवर्षी सापळे लावायचे. तुम्ही दोघं बसून पाहत होतात. मला हे अजून पचायचंय.

पुढे तुमचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, स्वयंपाकघरात जाऊन करपलेली मोची खाल्ली आणि भरपूर रडले. छान वाटलं. तू मार्चच्या शेवटी येतो आहेस एवढं आईने सांगितलं. हिबिनोबाईंकडे मासा सांगून आले. त्यांनी विचारलं, "नाव काय घालू?" मी म्हटलं, तेत्सुरो. त्यांनी पाटीवर लिहिलं, माझ्याकडे पाहिलंही नाही, फक्त म्हणाल्या, "आणि वड्या कोंबूच्या." दुकानातून बाहेर आले तेव्हा त्या रंग कालवत होत्या आणि गुणगुणत होत्या.

सोबत एक कागद जोडला आहे. काल संध्याकाळी आईने डबा काढला, तो फॉर्म बाहेर घेतला आणि शिक्का शोधत बसली. मी म्हटलं, आई, अगं तो काही कामाचा नाही, समितीकडे जाणार नाही. "चुकीची माहिती लिहून ठेवू नये कागदावर," म्हणाली. तू ओळखतोसच तिला. बँकेत करतात तशी 'हो' वर दोन सरळ रेघा मारल्या, खाडाखोड कायदेशीर व्हावी म्हणून त्यावर आपला शिक्का उमटवला, आणि शेजारच्या 'नाही' वर नवा गोल केला. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत होती.

"आता कशाला पाहू फोनची वाट?" म्हणाली. "येतोय ना तो."

चिसातो